वंशावळीत सावकारी पण लिहा

मा. संपादक, स.न.वि.वि.

हल्ली बरेच जण वंशावळ काढतायत, नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघतात, मोडी कागद वाचून घेतात आणि इनाम-वतन सापडलं की लगेच फोटो फॅमिली ग्रुपवर, चांगलंच आहे. पण आमच्या पेटीत निघाली गहाणखतं, सहीच्या जागी नुसती 'निशाणी नांगर', म्हणजे लिहिता न येणाऱ्या शेतकऱ्याची खूण. खापरपणजोबा सावकारी करायचे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे असलेच दस्त जाळले, मग कर्जबाजारी शेतकऱ्यांना सावकारांपासून वाचवायला १८७९चा कायदा आला, तो काय उगाच आला का? घरचे म्हणतात जुनं उकरू नका, मला नाही पटत. ज्यांनी जमिनी गहाण टाकल्या त्यांची नावं, गावं त्यात आहेत, त्यांच्या वारसांना शोधून झेरॉक्स तरी द्यायलाच हवी, आणि ती मी देणार.

- एक वाचक, बारामती