इंजिन खोलण्याआधी एवढं कर

ठाणे (पश्चिम)
रविवार, सकाळ

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि झोपच लागेना. गॅरेजवाला म्हणाला, "हेड गॅसकेट उडालंय, इंजिन खोलावं लागेल", आणि तू हो म्हणून मोकळा झालास. हेड गॅसकेट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील. गाडी अजून दिली नसशील तर देऊ नकोस. फोनवर सगळं सांगून झालं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

तू सांगितलंस ते असं: आठवड्याला अर्धा-पाऊण लिटर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कमी होतं, पार्किंगमध्ये थेंब दिसत नाही, सकाळी पांढरा धूर येतो, आणि पाम बीचला तापमानाचा काटा जागेवर असतो पण तुर्भ्याच्या ट्रॅफिकमध्ये वर चढतो. अरे, यातल्या कशावरूनच हेड गॅसकेट गेलं असं ठरत नाही. पावसाळ्यात सकाळी थोडी वाफ कुठलीही गाडी सोडते, फक्त ती काही मिनिटांत थांबली पाहिजे. आणि काटा नुसता ट्रॅफिकमध्येच चढत असेल तर आधी रेडिएटरचा फॅन लागतोय का ते बघायचं.

माझ्या 2010 च्या डिझेलचं काय झालं ते तुला नीट कधी सांगितलं नव्हतं. घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर काटा लालला टेकला. एका गॅरेजने हेड उतरवलं, फेसिंग करून, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट करून, आणलं, गॅसकेट बदललं. तीन आठवड्यांत कूलंटची टाकी पुन्हा रिकामी! शेवटी वागळे इस्टेटमधल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी ईजीआर कूलर काढून माझ्या हातात ठेवला. आत बोट घातलं. तिथली काजळी कोरडी असायला हवी, ती चिखलासारखी ओली लागली, आणि बोटाला तो कूलंटचा गोडसर वास. इंजिनात परत जाणारा धूर थंड करायला या कूलरमधून कूलंट फिरतं. आतली नळी फुटली की ते सरळ इनटेकमध्ये जातं आणि वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. बाहेर थेंब नाही, मागे पांढरा धूर. डिट्टो तुझ्या गाडीसारखं. माझं हेड मुळात चांगलंच होतं, हे आजही मनाला लागतं. म्हणूनच तुला एवढं कळकळीने लिहितोय.

तर उद्या सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी चालू करण्याआधी, कूलंटच्या टाकीचं झाकण हळूच उघड. गार इंजिनातून "फुस्स" असा दाब सुटला तर हेड गॅसकेटची शंका घ्यायची. मग कूलंट खुणेपर्यंत भर, झाकण लाव, इंजिन चालू कर आणि रेडिएटरचा वरचा होस हातात धर. फॅनपासून हात लांब ठेव. इंजिन गार असताना पाणी फुगायचं काही कारणच नाही. तरीही मिनिटा-दोन मिनिटांत होस दगडासारखा झाला, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतोय. डिझेलमध्ये नुसत्या कॉम्प्रेशनचा दाब 25-30 बारपर्यंत जातो आणि टाकीचं झाकण जेमतेम 1 बार धरतं. त्यामुळे केसाएवढी फट असली तरी ती लपत नाही. होस मऊ राहिला आणि गरम होत होत सावकाश ताठला, तर जीव भांड्यात पडू दे.

झाकण मात्र नवीनच टाक. अर्धं पाणी, अर्धं कूलंट हे मिश्रण उघड्यावर 107 अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाने दाब धरला तर ते सव्वाशेच्या पुढे जातं. सैल झाकणापायी चांगलं इंजिन उकळलेलं मी पाहिलंय.

थेंब दिसत नाही म्हणजे गळती नाही, असं धरू नकोस. गरम लोखंडावर पडलेलं कूलंट खाली पोचण्याआधीच वाळतं आणि मागे गुलाबी किंवा हिरवट पापुद्रा ठेवतं. टॉर्च घेऊन वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक, होसच्या क्लिपा आणि रेडिएटरचं प्लास्टिक जिथे ॲल्युमिनियमला दाबलेलं असतं तो सांधा बघ. पुढच्या सीटखालचं कार्पेटही चाचपून बघ. एसीचं पाणी साधं असतं, हीटरमधून गळलेलं कूलंट बोटाला चिकटतं.

ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर लगेच घाबरू नकोस. पावसात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या की तो येतोच. डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑईल मोजायच्या पट्टीवरचं, ऑईलच चहासारखं दिसलं तर मात्र किल्ली काढून ठेव.

निळ्या द्रवाची टेस्ट करतात, ज्यात कार्बन डायऑक्साइड लागला की रंग पालटतो, ती करायला हरकत नाही. पण आयडलवर डिझेलच्या धुरात तो वायू कमी असतो, त्यामुळे "रंग बदलला नाही" यावर फार विसंबू नकोस. खरी परीक्षा हीटर प्लगची, म्हणजे डिझेल इंजिन चालू होताना सिलिंडर गरम करणाऱ्या प्लगची. सिस्टीमला 1 बार दाब देऊन रात्रभर ठेवायचं, सकाळी प्लग काढायचे, डिझेल बंद ठेवून सेल्फ मारायचा. ज्या भोकातून पाणी उडेल तो सिलिंडर दोषी. तसं झालं तर गाडी एक मीटरसुद्धा चालवायची नाही. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

आणि हेड उतरवायचीच वेळ आली तर मी समोर उभा राहीन. पट्टी आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) हेडचा बाक मोजायचा, तडा आहे का ते प्रेशर टेस्टने बघायचं, बोल्ट नवे घ्यायचे. डिझेलचं गॅसकेट वेगवेगळ्या जाडीचं येतं, कडेच्या खाचा किंवा भोकं मोजून कळतं. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजूनच जाडी ठरवायची असते.

काका-काकूंना गणपतीला कणकवलीला याच गाडीने न्यायचं म्हणतोस, तर हे आधी उरकू. माणगावच्या कोंडीत नुसत्या काट्यावर भरवसा ठेवता येत नाही. पाणी सेन्सरच्या खाली गेलं की तो वाफेत उघडा पडतो आणि इंजिन तापलेलं असतानाही काटा खाली दाखवू शकतो.

बुधवारी संध्याकाळी प्रेशरचा हातपंप घेऊन नेरुळला येतो. दुपारपासून गाडी चालवू नकोस, मला इंजिन गार हवंय. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विनू