हजेरीची टक्केवारी नको, एकेका मुलाचे खाडे मोजा

मा. शिक्षणमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

मी प्राथमिक शाळेत वर्गशिक्षिका आहे. 22 वर्षं रोज सकाळी हजेरी घेते आहे, आणि त्या हजेरीपटाबद्दलच आपल्याशी बोलायचं आहे.

हातच्याची बेरीज शिकवायला मला साधारण तीन दिवस लागतात. एका वर्षी नेमके तेच तीन दिवस एक मुलगी आली नाही. चौथ्या दिवशी तिच्या वहीत होतं, 47 + 38 = 715. मी लाल फुली मारून पुढे गेले. खरं तर 7 आणि 8 पंधरा, 4 आणि 3 सात; तिला जेवढं येत होतं तेवढं तिने चोख मांडलं होतं. दहाचा गठ्ठा शेजारच्या घरात न्यायचा असतो, हे ऐकायला ती वर्गात नव्हती, एवढंच. मग हातच्याची वजाबाकी आली, गुणाकार आला, भागाकार आला, आणि वर्षअखेरीस तिच्या प्रगतिपुस्तकावर 'गणितात कच्ची' असा शेरा पडला. तो मीच लिहिला. त्याची खंत मला आजही आहे.

आमच्याकडून वर जाणारा आकडा असतो सरासरी हजेरीचा. 90 टक्के दिसले की सगळे निर्धास्त होतात. पण 40 मुलांच्या वर्गात 90 टक्के म्हणजे रोज चार जागा रिकाम्या. वर्षाचे 200 दिवस धरले तर एकूण 800 खाडे. आता समजा, 30 मुलांनी पाच-पाचच दिवस बुडवले, तर उरलेल्या दहा जणांच्या वाट्याला 65-65 दिवस येतात. वर्षाचा जवळजवळ तिसरा हिस्सा शाळेबाहेर! तरीही कागदावर 90 टक्केच. ती दहा मुलं कोण, हे आम्हा शिक्षकांना तोंडपाठ असतं, पण तक्त्यात त्यांच्यासाठी रकानाच नाही.

कारण काहीही असो, वर्षाचे 10 टक्के दिवस बुडाले की ते मूल मागे पडण्याचा धोका आहे, असं अनेक ठिकाणी धरलं जातं. 200 पैकी 20 दिवस, म्हणजे महिन्याला दोन खाडे. पालकांना हे सांगितलं की ते चकित होतात. 'दोनच दिवस तर बुडाले' असं प्रत्येक महिन्याला वेगळं वाटतं, त्यामुळे बेरीज कुणी करत नाही.

उशिराचंही तसंच. रोज दहा मिनिटं उशीर म्हणजे वर्षात 2000 मिनिटं, 40 मिनिटांच्या 50 तासिका. कालचा धागा आजच्याला जोडते ती मी त्या पहिल्या दहा मिनिटांतच. नंतर आलेलं मूल शेजाऱ्याच्या वहीत बघून पान शोधतं आणि तासभर चाचपडत राहतं.

म्हणून वेळेवर येण्याची शिस्त मलाही हवीच आहे. पण उशिरा आलेल्याला दाराबाहेर उभं करायची पद्धत तेवढी बंद करा. माझ्या वर्गात आठ वर्षांचा एक मुलगा होता. आई पहाटे कामाला जायची. धाकट्याचं आवरून, त्याला शेजारी सोडून, दाराला कुलूप लावून हा निघायचा. किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात. दोनदा त्याला परिपाठ संपेपर्यंत फाटकाशी उभं केलं गेलं. तिसऱ्यांदा उशीर झाला तेव्हा तो फाटकापर्यंत येऊन, किल्ली मुठीत घट्ट धरून, परत फिरला. वरच्या मजल्यावरून मी पाहत होते. मी खाली पोचेपर्यंत तो दिसेनासा झाला. दहा मिनिटांपायी आख्खा दिवस गेला, आणि पुढचे दोनही.

संयुक्त राष्ट्रांनी 1989 मध्ये संमत केलेल्या बालहक्कांच्या करारात, 28 व्या कलमात, मुलांच्या नियमित हजेरीला उत्तेजन देण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. नाव पटावर चढलं की ती संपत नाही.

आपल्या हातात बरंच आहे. प्रत्येक शाळेकडून दर महिन्याला टक्केवारीऐवजी दोन किंवा त्याहून जास्त खाडे असलेल्या मुलांची संख्या आणि त्यामागची कारणं मागवा. सलग दुसऱ्या खाड्याला घरी फोन गेलाच पाहिजे, आणि तो विचारपूस करणारा असावा, दम देणारा नको. शंभर टक्के हजेरीची बक्षिसं बंद केली तरी चालतील. त्यांच्यापायी तापाने फणफणलेली मुलं वर्गात येऊन बसतात. शाळेची वेळही पाहा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते. किशोरवयात तर शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं, झोपही उशिरा येते आणि जागही उशिरा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्येच मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली होती. मुलांना लवकर झोपवणं हे पालकांचं काम, ते मी प्रत्येक पालकसभेत सांगते. घंटा किती वाजता व्हायची, हे मात्र आपण ठरवता.

त्या मुलाच्या घरी मी गेले. 'कितीही वाजू देत, तू आत ये' एवढंच त्याला सांगितलं, आणि आईशी बोलून धाकट्याला शेजारच्या आजी सकाळी लवकर घेतील असं ठरवलं. महिन्याभरात तो घंटेआधी येऊ लागला. पण कुठल्या मुलाला उशीर का होतो हे शोधायला वर्गशिक्षिकेला वेळ लागतो, आणि तो सध्या तक्ते भरण्यात जातो. त्यातले निम्मे तक्ते कमी करणारं परिपत्रक आपण काढावं, ही माझी पहिली विनंती समजा.

आपली,
एक वर्गशिक्षिका