यंदाची वर्गणी बाळांच्या वॉर्डासाठी

सप्रेम नमस्कार.

यंदा मंडळ देखावा करणार नाही. तो खर्च आणि वरची वर्गणी आपल्या उपजिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला द्यायचं ठरलं आहे.

जन्मताना गुदमरलेलं, न रडलेलं बाळ वाचलं तरी मेंदूला बसलेला मार पुढचे काही तास वाढतच असतो. म्हणून मोठ्या रुग्णालयांत अशा बाळाला ६ तासांच्या आत ‘कूलिंग’वर घेतात. अंग ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर आणून ७२ तास तसंच ठेवायचं, मग तासाला जेमतेम अर्धा अंश वाढवत नेहमीवर आणायचं. दुपटं घेऊन उभ्या असलेल्या आजीला हे पटवणं सोपं नसतं! घरी किंवा वाटेत बर्फ लावून हा प्रयोग कुणी करू नये.

“मग कूलिंगची गादीच घेऊन देऊ,” असं काही देणगीदारांनी सुचवलं. देशी बनावटीची, सतत वीज न लागणारी गादी मिळतेही. तरी आम्ही ती घेणार नाही. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ७ मोठ्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर ‘हेलिक्स’ चाचणी झाली. २०२१ मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांत मृत्यू किंवा अपंगत्व घटलेलं दिसलं नाही. उलट कूलिंग झालेल्या बाळांत मृत्यू जास्त होते. तज्ज्ञांचा वाद चालू आहे, तो मांडवात मिटणार नाही. पण तिथे असं झालं, तर आपल्या छोट्या कक्षात गादी आणायची घाई नको.

पैसे लागणार आहेत ते जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटासाठी: अँबू बॅग (हाताने दाबून बाळाला श्वास द्यायची पिशवी), नवजात मापाचे मास्क, नर्सताईंच्या सरावासाठी बाहुली. शिवाय तापमान सलग दाखवणारे मॉनिटर, कारण अशा बाळाला वॉर्मरखाली ताप चढला तर इजा वाढते. उरेल त्यातून शहरात पाठवलेल्या बाळांच्या नातेवाइकांची राहण्या-जेवणाची सोय. आई इथे टाके घेऊन पडलेली आणि बाप तिकडे जिन्याखाली झोपलेला, हे आपल्याकडे नवीन नाही.

वर्गणी मंडळाच्या कार्यालयातच द्यावी, पावती घ्यावी. जुनी उपकरणं किंवा दुधाची पावडर आणू नये. दरपत्रकं फलकावर लावली आहेत, हिशेबही तिथेच लागेल.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते