टोल कापला जातो, पण तो हिशेबात बसत नाही : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : फास्टॅगच्या नोंदी छोट्या वाहतूकदारांच्या हिशेबाला उपयोगी पडतील अशा रूपात मिळाव्यात.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या चार मालगाड्या आहेत. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतून फौंड्रीचं कास्टिंग भरायचं आणि चाकणला पोचवायचं, हा आमचा मुख्य धंदा. गाड्या माझे पती बघतात, वह्या मी बघते. ओळखीतल्या आणखी तीन गाडीमालकांचे हिशेबही माझ्याकडेच असतात. म्हणजे महिन्याकाठी दहा-बारा गाड्यांचा टोल माझ्या हाताखालून जातो. त्या टोलच्या रकमेविषयी मला आज काही म्हणायचं नाही. रस्ता वापरतो, त्याचे पैसे भरतो. माझं म्हणणं आहे ते पैसे भरल्यानंतर आमच्या हाती काय येतं, याविषयी.

आधी एक गोष्ट मनापासून सांगते. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हा आमच्या घरात सुटकेचा निःश्वास टाकला गेला. त्याआधी ड्रायव्हरला टोलसाठी रोख उचल द्यावी लागायची. गाडी परत आली की खिशातून चुरगळलेल्या पावत्यांचा बोळा निघायचा, त्यातल्या दोन कमी असायच्या, आणि त्या दोन पावत्यांवरून मालक-ड्रायव्हरमध्ये कुरबूर व्हायची. टॅगने रोख रक्कम हातातून काढून घेतली. रांगा कमी झाल्या, डिझेल वाचलं. हे आपल्या खात्याचं काम आहे आणि ते आम्ही रोज अनुभवतो.

पण पावती गेली आणि तिच्या जागी आलं बँकेचं स्टेटमेंट. ते बनवणाऱ्याने खातेदार डोळ्यांसमोर ठेवला होता, हिशेब लिहिणारा नाही.

सगळ्यात पहिली गफलत रिचार्जचीच होते. बहुतेक छोटे मालक रिचार्ज केलेली रक्कम थेट टोल खर्चाला टाकतात. पाच हजार भरले, पाच हजार खर्च. हे चूक आहे. रिचार्ज म्हणजे टॅगच्या खात्यात ठेवलेली आगाऊ रक्कम. खर्च होतो तो नाक्यावर पैसे कापले गेल्यावर. शिवाय टॅग घेताना भरलेली फी वेगळी, परत मिळणारी अनामत वेगळी, आणि त्याच टॅगवरून कुठे पार्किंगचे पैसे गेले असतील तर तेही वेगळे. मी चारही वेगळ्या खात्यांत टाकते. पण स्टेटमेंटवर हे सगळं एकाखाली एक येतं आणि कुठली रक्कम कशाची, ते प्रत्येक बँक आपापल्या भाषेत लिहिते. एका बँकेत नाक्याचं नाव येतं, दुसरीत नुसता नाक्याचा क्रमांक. एक बँक रकाने असलेली फाइल देते, दुसरी फक्त पीडीएफ, ज्यातून आकडे उचलून घ्यायचे म्हणजे पुन्हा हातानेच टंकायचे.

आता आमची एक खेप कशी असते ते सांगते. गाडी रात्री नऊच्या सुमारास शिरोलीतून निघते. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे चार नाके जाताना आणि तेच चार येताना. तासवडे ओलांडेपर्यंत एक तारीख असते, आनेवाडीला पोचेपर्यंत बहुधा दुसरी लागलेली असते. स्टेटमेंट तारखेवार असल्यामुळे एकाच खेपेचा टोल दोन-तीन दिवसांत विखुरतो. भर म्हणून नोंदीला दोन वेळा असतात : गाडी नाक्यावरून गेली ती वेळ आणि बँकेने रक्कम खात्यातून वजा केली ती वेळ. काही स्टेटमेंटवर दोन्ही छापतात, काहींवर एकच, आणि ती नेमकी कोणती याचा पत्ता लागत नाही. ३१ मार्चला रात्री गेलेल्या गाडीचा टोल १ एप्रिलच्या नावावर दिसला, तर तो कुठल्या वर्षाचा खर्च धरायचा? गाडी गेली त्या वर्षाचा, हे मला माहीत आहे. पण कागद वेगळं बोलतो, आणि तपासणीला बसलेला माणूस कागद बघतो.

म्हणून मी दोनशे पानी वही घातली आहे. डावीकडे बिल्टीचा (माल पाठवल्याच्या पावतीचा) नंबर, गाडी नंबर, निघाल्याची वेळ, गाडी खाली झाल्याची वेळ. उजवीकडे आठ घरं, प्रत्येक नाक्याला एक. शनिवारी रात्री जेवणं उरकली की स्टेटमेंट उघडते आणि वेळ बघून एकेक रक्कम तिच्या घरात बसवते. जी बसत नाही तिच्याभोवती लाल शाईने गोल. चार गाड्यांच्या आठवड्याभराच्या नोंदींना दोन-अडीच तास लागतात.

लाल गोल सगळ्यात जास्त कशाने पडतात, तर परतीच्या सवलतीने. टोलच्या नियमांप्रमाणे २४ तासांच्या आत परत आलं तर दोन्ही फेऱ्या मिळून एकेरी दराच्या दीडपट रक्कम पडते. समजा एका नाक्याचा एकेरी टोल ४०० रुपये आहे. जाताना ४०० कापले जातात, वेळेत परतलो तर येताना २००. सवलत चांगली आहे, आपोआप मिळते, तिच्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. पण मेसेजमध्ये नुसतं '२०० वजा' असं येतं. ही परतीची सवलत आहे, की चुकून दुसऱ्या वर्गातल्या गाडीचा दर लागला, की आणखी काही, याचा उल्लेख नसतो. आणि जेव्हा कंपनीच्या गेटवर गाडी अडकते, माल उतरायला रात्र होते, २४ तास उलटतात, तेव्हा येताना पूर्ण ४०० जातात. चार नाक्यांचे मिळून ८०० रुपये जास्त. हे पैसे खरं तर गाडी अडकवणाऱ्याने हॉल्टिंगबरोबर, म्हणजे गाडी खोळंबल्याच्या भरपाईबरोबर, द्यायला हवेत. मागायला गेलं की समोरून विचारणा होते, 'सवलत हुकली म्हणून जास्त गेले, हे कुठे लिहिलंय ते दाखवा.' लिहिलेलं कुठेच नसतं. मग ते ८०० आमच्याच अंगावर पडतात.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. आमचे एक जुने ड्रायव्हर आहेत, मी त्यांना मामा म्हणते. एका नाक्यावर त्यांचा टॅग वाचला गेला, पण दांडा उठला नाही. मागे रांग, हॉर्न. 'टॅग चालत नाही, रोख भरा' असं सांगण्यात आलं आणि त्यांनी दुप्पट रक्कम भरली. पावती डॅशबोर्डवर ठेवली. दोन दिवस उन्हात राहून तो कागद पांढराफटक झाला. माझ्या हाती आला तेव्हा त्यावर एक अक्षर नव्हतं. इकडे स्टेटमेंटमध्ये त्याच नाक्याचा टोल टॅगवरून कापलेला. मी काय समजले ते आपण ओळखलं असेल. मामा म्हणाले, 'वहिनी, देवाशपथ मी रोख भरले.' मी पगारातून ती रक्कम वळती केली. तीन आठवड्यांनी क्लीनरच्या मोबाईलमध्ये त्या पावतीचा फोटो निघाला.

तो फोटो घेऊन बँकेकडे तक्रार केली. पैसे परत आले, हे मान्य करते. पण आले ते कसे? स्टेटमेंटच्या एका ओळीत 'जमा' आणि पुढे लांबलचक आकडा. कुठल्या नाक्याचे, कुठल्या तारखेचे, काही नाही. रक्कम जुळली म्हणून मी ते ओळखू शकले. मामांचे पैसे त्याच दिवशी दिले आणि हात जोडून माफी मागितली. ते काही बोलले नाहीत, पण दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. ज्या माणसाने इतकी वर्षं आमची गाडी स्वतःची म्हणून चालवली, त्याच्यावर मी संशय घेतला, कारण माझ्यासमोरची नोंद अर्धी होती. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे : रोख पावती हातात पडली की जागेवरच फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा, मग गिअर टाकायचा.

खरं तर टॅग वैध असेल, त्यात पुरेशी शिल्लक असेल आणि बिघाड नाक्यावरच्या यंत्राचा असेल, तर गाडी पैसे न घेता सोडावी आणि शून्य रकमेची पावती द्यावी, हा नियम २०१८ पासून आहे. मामांना तो माहीत नव्हता, मलाही नव्हता. नाक्यावर तो मराठीत ठळक लिहिलेला असता, तर त्या रात्री निदान बोलता आलं असतं. आणखी एक अडचण अशी, की पैसे कापल्याचा मेसेज मालकाच्या मोबाईलवर येतो. ड्रायव्हर रांगेत उभा, मालक घरी झोपलेला. कापले की नाही, हे ज्याला त्या क्षणी कळायला हवं त्यालाच कळत नाही. एका टॅगला दुसरा मोबाईल नंबर जोडता आला, तर कितीतरी भांडणं जागच्या जागी मिटतील.

१५ नोव्हेंबर २०२५ पासून टॅग नसेल किंवा चालला नाही तर यूपीआयने सव्वापट आणि रोखीने दुप्पट, असा दर झाला. त्यामुळे माझ्या वहीत एक घर वाढलं. मूळ टोल हा खेपेचा खर्च, पण वरची रक्कम कुणाची? टॅगमध्ये शिल्लक ठेवायला मी विसरले असेन तर माझी, बँकेच्या चुकीने टॅग बंद पडला असेल तर बँकेची. पावतीवर मूळ टोल आणि जादा रक्कम अशा दोन ओळी वेगळ्या छापल्या, तर हा निवाडा करता येईल.

मागे एकदा आम्हाला एका गाडीची बँक बदलावी लागली. एका गाडीला एकच टॅग, हा नियम बरोबर आहे. पण जुना टॅग बंद झाला आणि त्या खात्यात शिरण्याची वाटही बंद झाली. नऊ महिन्यांच्या नोंदी तिथेच अडकल्या. जीएसटीचा कायदा हिशेबाचे कागद वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपायला सांगतो. आम्ही जपायला तयार आहोत, पण आधी ते आमच्या हातात तर राहायला हवेत.

कुणी म्हणेल, दहापर्यंत मालगाड्या असणाऱ्याला अनुमानित, म्हणजे गाडीमागे ठरावीक धरलेल्या, उत्पन्नावर कर भरता येतो, त्याला टोलचा पुरावा कुणी मागत नाही. शिवाय टोलवर जीएसटी नाही, त्यामुळे परतावा घेण्याचाही प्रश्न नाही. दोन्ही खरं आहे. पण हिशेब काय फक्त कर भरण्यापुरता असतो? कुठल्या भाड्यात काय सुटलं, हे कळल्याशिवाय पुढचा दर सांगता येत नाही. ज्या कंपन्यांशी टोल वेगळा द्यायचा ठरलेला असतो, त्या प्रत्येक नाक्याचा पुरावा बिलाला जोडायला लावतात आणि एक नोंद जुळली नाही की अख्खं बिल बाजूला ठेवतात. मोठ्या वाहतूक कंपन्यांकडे यासाठी माणसं आणि सॉफ्टवेअर असतात. आमच्याकडे शनिवारची रात्र असते.

म्हणून विनंती आहे. सर्व बँकांच्या फास्टॅग स्टेटमेंटचा नमुना एकच असावा आणि तो आपल्या खात्याने राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आणि राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाबरोबर बसून ठरवावा. त्यात गाडी नंबर, नाक्याचं नाव, जाण्याची दिशा, गाडी गेल्याची वेळ आणि रक्कम वजा झाल्याची वेळ हे ठरलेल्या रकान्यात असावं. दर कोणता लागला ते स्पष्ट शब्दांत असावं : एकेरी, २४ तासांतली परती, मासिक पास. परत आलेल्या रकमेसमोर ती ज्या मूळ नोंदीची आहे तिचा क्रमांक असावा. आणि बँक कुठलीही असो, बदललेली असो वा बंद झालेली असो, मालकाने आपला गाडी नंबर आणि ओळख देऊन मागच्या सगळ्या वर्षांच्या नोंदी एकाच ठिकाणाहून उतरवून घेता याव्यात. टॅग बँकेचा असला तरी गाडी आमची आहे आणि त्या गाडीचा प्रवासही आमचाच आहे.

खासगी गाड्यांसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून ३,००० रुपयांत २०० फेऱ्यांचा वार्षिक पास आपण आणला. त्यात तेव्हा एका नाक्याला १५ रुपये पडत होते, हे शाळकरी पोरगंही सांगेल. इतकी सोपी मांडणी आपलं खातं करू शकतं, तर आमच्या नोंदींचीही होऊ शकेल.

घाई करण्याचं कारण आहे. दांडा नसलेले नाके येत आहेत. गुजरातमधल्या चोर्यासी नाक्यासाठीचा करार २०२५ मध्ये झाला, पुढे इतर नाकेही त्याच वाटेने जातील. गाडी न थांबता निघून जाईल, टॅग आणि नंबर प्लेट वाचून पैसे कापले जातील. तिथे विचारायला माणूस नसेल, पावती नसेल, क्लीनरला फोटो काढायला काही नसेल. जे काही असेल ती स्टेटमेंटमधली ती एक ओळ असेल. ती पुरी लिहिलेली असावी.

आपल्या खात्यातल्या कुणा अधिकाऱ्याला बघायची असेल तर माझी वही मी पुण्याला किंवा दिल्लीला घेऊन यायला तयार आहे. लाल गोल मोजायला लागणार नाहीत, पान उघडलं की दिसतील.

आपली नम्र,
चार मालगाड्यांचे हिशेब लिहिणारी एक वाहतूकदार
शिरोली, जि. कोल्हापूर