धाकट्याच्या वर्षश्राद्धाआधी

प्रिय मित्रा,

पत्र पोचलं. वर्षश्राद्ध जवळ आलं आणि तुझा प्रश्न तोच: दोन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलेला पोरगा, नेहमीपेक्षा जास्त गर्द (ब्राऊन शुगर, म्हणजे हेरॉइनच) घेतलंही नव्हतं, मग गेला कसा?

नेहमीइतकंच घेतलं, म्हणून गेला. रोज गर्द घेणाऱ्याच्या शरीराला सवय होते. एका पुडीत भागायचं तिथे तीन लागतात. घेणं थांबलं की ही सवय आठ-पंधरा दिवसांत उतरायला लागते. हाताला मात्र जुनंच माप ठाऊक असतं. केंद्रातून काय, तुरुंगातून काय, सुटल्यावरचे पहिले दोन आठवडे म्हणूनच सर्वांत धोक्याचे. त्यात त्या रात्री दारू होती आणि झोपेच्या गोळ्या, पोरं ज्यांना ‘बटणं’ म्हणतात. तिन्हींनी मिळून मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंदावतं. घरी पाठवताना हे कुणीतरी तुम्हाला बसवून सांगायला हवं होतं.

त्याच्या मित्रांवर राग धरू नकोस. ‘घोरत होता, झोपू दिला,’ म्हणाले ना? ते घोरणं नव्हतं. जीभ मागे पडली की अडकत अडकत घरघर येते, मग दोन श्वासांत अंतर वाढत जातं. आपल्या रंगावर निळेपणा चटकन कळत नाही. ओठ आतून आणि नखं बघायची, राखाडी दिसतात. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. छातीच्या मधल्या हाडावर मुठीनं जोरात घासूनही हलला नाही, तर 108.

त्या चौघांना बोलाव, मी करून दाखवतो. लिंबूपाणी, दूध काही पाजायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. धरून चालवायचंही नाही. मान मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत. दर पाच सेकंदांना तोंडाने एक श्वास द्यायचा, छाती वर येईल एवढाच. नाडीच नसेल तर छाती दाबायला घ्यायची. स्वतः श्वास घेत असेल तर कुशीवर वळवून वरचा गुडघा दुमडायचा, म्हणजे उलटी घशात जात नाही.

गर्दचा असर उतरवणारं औषध म्हणजे नॅलोक्सोन, त्याचं 0.4 मिलिग्रॅमचं इंजेक्शन दंडात किंवा मांडीत. फरक पडला नाही तर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा. अमेरिकेत 2023पासून त्याचा नाकातला फवारा चिठ्ठीशिवाय मिळतो, आपल्याकडे डॉक्टरकडूनच. गर्दवर चालतं, दारूवर आणि बटणांवर नाही. असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, गर्द अंगात उरलेलंच असतं. त्यामुळे उठून शिव्या देत ‘मी बरा आहे, जातो’ म्हणाला तरी सोडायचं नाही. पोलिसांच्या धास्तीनं पोरं पळतात, नेमकी तेव्हाच.

आणि एक. पत्रिकेत यंदाही ‘अल्पशा आजाराने’ छापलंयस. काढून टाक. 2001 साली मेलबर्नमध्ये सुरू झालेला 31 ऑगस्टचा, नशेच्या अतिमात्रेनं गेलेल्यांचा स्मरणदिन आता कितीतरी देशांत होतो. गेलेल्यांची नावं आणि कारण तिथे लपवत नाहीत. वहिनींना पटेल, आईंना वेळ लागेल.

जेवणं उरकली की हॉलमध्ये सतरंजी घाल. सरावाचा पुतळा मी आणतो.

तुझाच,
मित्र