पेरादेनियाच्या अक्कांना

डिसेंबरात वनस्पतिशास्त्राची चौदा मुलं घेऊन मी श्रीलंकेत होते. पेरादेनियाच्या बागेत सकाळभर फिरलो, दुपारी बाहेरच्या एका छोट्या खाणावळीत आप्प, म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाटीसारखे खोलगट डोसे, आणि पोळ संबोल खायला बसलो. संबोल म्हणजे खवलेलं ओलं खोबरं, लाल मिरची, कांदा, लिंबू. आपल्या चटणीसारखंच, म्हणून मी निर्धास्त होते. त्यात सुक्या माशाचा चुरा असतो हे मला ठाऊक नव्हतं, आणि माझ्या एका विद्यार्थिनीला मासा अजिबात चालत नाही.

तिचे ओठ सुजलेले आधी खाणावळवाल्या बाईंनी पाहिले. त्यांनी लगेच १९९० ला फोन लावला. ही तिथली मोफत रुग्णवाहिका सेवा, भारताच्या मदतीतून २०१६ मध्ये सुरू झालेली. गाडी येईपर्यंत त्या पोरीला धरून बसल्या, मग चुलीवरचं तसंच टाकून आमच्याबरोबर दवाखान्यात आल्या. तिच्या चपलासुद्धा हातात घेऊन.

दुसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन हॉटेलवर आल्या. खवणी, पाटा घासून, मासा न घालता केलेलं संबोल! सोबत कागदात उंबलकडाचा, म्हणजे संबोलात घालतात त्या सुक्या माशाचा, एक तुकडा, लाकडासारखा कडक. पोरीला तो लांबूनच दाखवला, पुढे ओळखता यावा म्हणून.

सगळे त्यांना अक्का म्हणत होते. सिंहलीतही अक्का म्हणजे थोरली बहीणच. अक्का, तुमचे आणि रुग्णवाहिकेतल्या त्या दोघांचे मनापासून आभार. पोर अगदी ठणठणीत आहे.