जुन्या घराचा हिशेबही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलुंड पूर्वेतल्या नव्या टॉवरांवर पानभर मजकूर वाचला. पोहण्याचा तलाव, गच्चीवरची बाग, आणि स्टेशन म्हणे 'पाच मिनिटांवर'. कुणाच्या पायांनी ते काही लिहिलेलं नाही. मिठागर रोडच्या आमच्या टोकापासून मला अठरा मिनिटं लागतात, आणि मी रमतगमत चालणारी बाई नव्हे. असो. ज्यांना परवडतं त्यांनी टॉवरात जरूर जावं. पण माझ्यासारखे नोकरदार मुलुंडात येतात ते बहुतेक जुन्या इमारतीतलं रीसेलचं घर घेऊन. त्या व्यवहारात खिसा कुठे कुठे कापला जातो, याबद्दल आपल्या पुरवणीत कधी चार ओळी दिसत नाहीत. म्हणून मीच लिहून पाठवते.

मी एका सहकारी बँकेत रोखपाल आहे. आम्ही लालबागच्या चाळीत १६० फुटांच्या खोलीत राहायचो : मी, हे, मुलगा आणि सासूबाई. २०२० च्या सप्टेंबरात सरकारने मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणलं, ते ३१ डिसेंबरपर्यंतच. आम्ही बघितलेलं घर ९२ लाखांना ठरत होतं. ४ लाख ६० हजारांऐवजी १ लाख ८४ हजार भरायचे. इतका फरक दिसल्यावर रोखपाल बाई गप्प कशी बसेल?

एजंट म्हणाला, "मॅडम, ६२० फूट आहे." मालकाच्या १९८६ च्या करारातही ६२० च होतं. मी पर्समधून टेप काढली. एजंट हसला, मालक जरा घुटमळले, यांनी भिंतीशी टेपचं टोक धरलं. स्वयंपाकघर कागदावर नऊ फूट, टेपवर सात फूट आठ इंच. न्हाणीघरापर्यंत सगळं मोजून बेरीज आली ४५२. कागदावरचं माप सुपर बिल्टअपचं होतं, भिंती आणि जिन्याचा वाटा धरून केलेलं. म्हणजे १६८ फूट भिंतींत आणि जिन्यात. आमची अख्खी लालबागची खोली त्यात मावून वर आठ फूट उरले असते! मी भाव ६२० वर नाही, ४५२ वर लावायला सांगितला. पूर्ण नाही, पण अर्धीमुर्धी गोष्ट पटली, आणि ९२ लाखांचा आकडा तेव्हा कुठे आला. रेरा हा बिल्डरांवरचा कायदा आल्यापासून नव्या इमारतीत बिल्डरला कार्पेट एरियावरच, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवरच, विकावं लागतं. रीसेलमध्ये टेप आपली आपणच न्यायची.

आता सोसायटी. कर्जासाठी बँकेला तिची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, हवी होती. अध्यक्षांनी घरी बोलावलं, चहा दिला आणि दोन लाख मागितले.

"वहिनी, हा विकासनिधी आहे. ऐच्छिक. आजवर सगळ्यांनी दिलाय."

"ऐच्छिक असेल तर मी नाही देत."

"नका देऊ. मग एनओसी कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये बघू."

पुढची मीटिंग जानेवारीत. ३१ डिसेंबरची तारीख त्यांनाही ठाऊक होती. सहकार खात्याचं ऑगस्ट २००१ चं परिपत्रक आहे : महापालिका हद्दीत हस्तांतरणाचं अधिमूल्य, म्हणजे घर दुसऱ्याच्या नावावर होताना सोसायटी घेते ती रक्कम, जास्तीत जास्त २५ हजार, आणि देणगीच्या नावाखालीही त्यावर मागायचं नाही. बँकेत बसून एवढं मला माहीत होतं. २५ हजार मालकांनी आणि आम्ही निम्मे निम्मे घातले, चेकने दिले, सोबत परिपत्रकाचा हवाला देऊन पत्र दिलं आणि पत्राची प्रत सहकार खात्याच्या उपनिबंधकांना पाठवली. एकोणीस दिवसांनी एनओसी आली. त्या एकोणीस दिवसांत हे मला रोज रात्री विचारायचे, "देऊन टाकूया का गं?" खरं सांगते, सतराव्या दिवशी मीही डगमगले होते. ज्यांना हा नियम माहीत नाही, ते दोन लाख मोजतात आणि वर पेढेही वाटतात.

नोंदणी कार्यालयात डिसेंबरची गर्दी, तोंडाला मास्क, हाताला सॅनिटायझर. मशीनवर माझा अंगठाच उमटेना. चार वेळा पुसला, पाचव्यांदा तिथल्या मुलाने विचारलं, "मावशी, काम काय करता?" नोटा मोजते म्हटल्यावर तो म्हणाला, "मग बरोबर. रेषा उरल्याच नाहीत." शेवटी दुसऱ्या बोटावर काम झालं.

आणि घर? घर झकास आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. सासूबाई आठवड्यातून दोनदाच उतरतात, त्याचं मला वाईट वाटतं. पण चाळीतली सवय त्यांनी इथेही आणली. भाजीवाल्याला खिडकीतून हाक मारायची, दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडायची. तो मेथीची जुडी घालतो, त्या पिशवी ओढून घेतात, जुडी उलटसुलट बघतात आणि पसंत नसली की परत खाली. पहिल्या महिन्यात कमिटीने या दोरीबद्दलही नोटीस लावली होती. आता खालच्या मजल्यावरच्या दोघींनी दोऱ्या बांधल्या आहेत.

सकाळी मी संभाजी मैदानाला चार फेऱ्या मारते. एखाद्या रविवारी पूल ओलांडून पश्चिमेला कालिदासमध्ये नाटक. थंडीत मुलगा सायकलवर भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूला खाडीतले रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला जातो आणि चिखलाने भरलेले बूट घेऊन येतो. शेजारच्या काकू म्हणतात, तुम्ही नशीबवान, कचरा पडायचा थांबल्यावर आलात. मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झालं. त्याआधी वारा तिकडून सुटला की संध्याकाळी खिडक्या लावून बसावं लागायचं, असं त्या सांगतात. घर बघायला जाताना वारा कुठून येतो हेही विचारावं, हे मला त्यांच्याकडून कळलं. आपल्या पुरवणीतून नाही.

एक गंमत राहिली. जानेवारी २०२२ पासून मुंबईत ५०० फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. टेपने हिरावलेले फूट असे कामी आले. ६२० च खरे असते तर कर भरत बसलो असतो.

सध्या आमच्याकडे पुनर्विकासाचं वारं आहे. गेल्या महिन्यात बिल्डरच्या माणसाने पडद्यावर चित्रं दाखवली, त्यात पोहण्याचा तलाव होताच. दरमहा मेंटेनन्स किती येईल, असं मी विचारलं. तो म्हणाला, ते नंतर ठरेल. सासूबाईंनी घरी आल्यावर एकच विचारलं, "मजला कितवा?" बावीस मजल्यांवरून भाजीवाल्यापर्यंत दोरी पोचेल का, याचा हिशेब त्या करत होत्या.

तेव्हा विनंती एवढीच. पुरवणीत भावांचा तक्ता छापता, तिथे भाव कार्पेटचा की बिल्टअपचा ते लिहा, आणि कोपऱ्यात २५ हजारांचा तो नियम एका चौकटीत द्या. जाहिरातीएवढी जागा लागणार नाही.

माझं नाव मात्र छापू नये. अध्यक्ष अजून तेच आहेत, आणि पाण्याची वेळ तेच ठरवतात.

आपली,
एक वाचक, मुलुंड (पूर्व)